तालान्तला घोड्यावर बसवू नका

(नारीन नदीच्या वरच्या खोऱ्यातलं एक गाव. एसेनच्या अंगणात बोरूच्या चटईत ओली लोकर गुंडाळून म्हातारी कालिचा, एसेन आणि बुरुल ती पायांनी लोटत आहेत. दाबलेल्या लोकरीचं जाजम, नमदा, तयार व्हायला अजून वेळ आहे. बुरुलच्या डोक्याला काळा रुमाल आहे.)

कालिचा : पुन्हा म्हण. ‘पांढऱ्या घोड्यावरचा माझा ससाणा, डोंगरापल्याड उडून गेला...’

बुरुल : नाही म्हणणार.

कालिचा : पाय थांबवू नको गं! लोकर थंड झाली तर परत पाणी तापवत बसावं लागेल. तोंडानं हवं तेवढं नाही म्हण, पायानं लोट. एसेन, तुझी बाजू मागे राहतेय.

एसेन : माझी बाजू नेहमीच मागे राहते, आपा. गुलसुन होती तेव्हाही बायकोकडून हेच ऐकत होतो.

कालिचा : बुरुल, पोरी, ऐक. परवा तालान्तचा आश. वर्ष भरलं. सगळं खोरं जेवायला येणार. जेवणाआधी तू तंबूत बसायचं, नवऱ्याच्या नावानं विलापाचा कोशोक गायचा, मग तुझी सासू हा काळा रुमाल सोडेल नि पांढरा बांधेल. तिथं दुखवटा संपला. चार ओळी गायच्या, रडायचं, मोकळं व्हायचं. आम्ही सगळ्या विधवांनी हेच केलं.

बुरुल : तेवढंच असतं तर गायले असते हो. काल सासूबाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? म्हणे, सालिमाचं म्हणणं पडलं, हिनं सगळ्यांदेखत नीट गायलं तरच पांढरा बांधा. नाहीतर राहू दे काळा, हिला कुठं दुःख झालंय! सख्ख्या भावाची बायको आहे मी तिची. आणि ती ठरवणार मला दुःख झालं की नाही?

कालिचा : सालिमाचं तोंड मला का माहीत नाही? पण तिला बोलायला जागा कोणी दिली? गेल्या वर्षी नवऱ्याचं प्रेत तंबूत, बाहेर बाप्ये काठीवर टेकून रडताहेत, आणि तू हसलीस. खदाखदा.

बुरुल : खदाखदा नाही. खांदे हलले.

कालिचा : आवाज आला, बाई. मी शेजारी होते.

बुरुल : शेजारी होतात म्हणूनच तर हसले! तुम्ही हसवलंत.

कालिचा : मी?

बुरुल : नाही तर कोण? माझ्या तोंडून शब्द फुटेना. म्हणून तुम्हाला बोलावलं, खोऱ्यातला प्रत्येक कोशोक तुम्हीच गाता म्हणून. मी भिंतीकडे तोंड करून बसलेय, जगात काही उरलं नाही असं वाटतंय, आणि तुम्ही सुरू केलंत, ‘रानघोडा ज्याच्या मांडीखाली कोकरू व्हायचा’! कोणाच्या मांडीखाली, आपा? तालान्तच्या?

एसेन : मीही बाहेर खोकल्याचं सोंग केलं होतं. आता सांगतो.

बुरुल : बघा! घोडा दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जाणारा माणूस तो. लहानपणी लाथ खाल्ली, ती शेवटपर्यंत विसरला नाही. गाढवालासुद्धा वाट द्यायचा. लग्नात मला न्यायला गाडीतून आला, तर माझे मामा म्हणाले, जावई आहे की सामान? सगळं गाव त्याला पायदळ म्हणायचं. तुम्हीसुद्धा म्हणायचात!

कालिचा : म्हणायचे. पण ते चावडीवर. कोशोकात माणूस घोड्यावरच असतो. माझ्या आजीनं सगळे घोड्यावर बसवले, मीही बसवते. मग कुठं बसवू तुझ्या नवऱ्याला? शिडीवर?

बुरुल : हो, शिडीवर! तिथंच होता तो जन्मभर. खोऱ्यातल्या निम्म्या छपरांवर टीव्हीच्या तबकड्या कोणी बसवल्या? तुम्ही रोज मालिका बघून रडता ती कोणाच्या कृपेनं?

कालिचा : मी रडत नाही. डोळे दुखतात.

बुरुल : आणि गेला तोही शिडीवरूनच. वादळानंतर कोणाच्या छपरावर चढला होता? सांगा ना. सगळ्यांना माहीत आहे, कोणी बोलत नाही.

एसेन : सालिमाच्या.

बुरुल : सालिमाच्या! तिच्या टीव्हीत मुंग्या दिसत होत्या म्हणून. छप्पर ओलं होतं. मी म्हटलं, उद्या जा. तर म्हणाला, ताई वाट बघतेय. आणि आज ती ताई मला पांढरा द्यायचा की नाही ते ठरवते!

एसेन : बुरुल, एक बोलू? ती तुझ्यावर चिडलेली नाही. तिला स्वतःच्या छपराकडे बघवत नाही. ती तबकडी तिनं अजून सरळ करून घेतली नाही. वाकडीच आहे.

बुरुल : असू दे वाकडी! एसेनदादा, तिच्या दुःखाची मला कीव येते, खोटं नाही सांगत. पण ते तिनं माझ्या डोक्याला का बांधावं? काळ्यात असताना तिनं मला कुणाच्या पाळण्याजवळ जाऊ दिलं नाही. अपशकुन म्हणे. माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी झाली, दात आले त्या मुलीला. मी अजून तिला मांडीवर घेतली नाही. अजून एक वर्ष काळ्यात काढू? ती पोर मला ओळखणार तरी आहे का?

कालिचा : लोट, लोट. रागानं लोटलंस तर बरं बसतंय. आता उलटं फिरवा. हां. एसेन, कडेला पाणी घाल. माझ्या पायावर नको, मेल्या!

एसेन : चुकलं. मलाही एक राग आहे, आपा. आजच निघालाय तर काढून टाकतो.

कालिचा : तुझा आणि कशावर?

एसेन : तुमच्यावरच. गुलसुन गेली तेव्हा मुलगी नाही आम्हाला, मुलगे रशियात. कोशोक तुम्ही गायलात. मी बाहेर काठी धरून उभा. आतून तुमचा आवाज येतोय, ‘रेशमी पावलांची, मधाच्या बोलाची, घरात होती की नव्हती कळू न देणारी.’

बुरुल : गुलसुनवहिनी?

एसेन : तेच ना! ती नदीच्या या काठावरून मला हाक मारायची तर त्या काठावरचे मेंढपाळ ‘आलो’ म्हणायचे. घरात होती की नव्हती कळत नव्हतं म्हणे! अहो, सगळ्या खोऱ्याला कळत होतं. मला वाटलं आत जावं आणि ओरडावं, ही कोण बाई पुरताय तुम्ही? माझी बायको कुठंय?

कालिचा : मग का नाही ओरडलास?

एसेन : पुरुषानं कोशोक म्हणायचा नसतो. पुरुषानं काठीवर टेकून एकदा हंबरायचं आणि मग पाहुण्यांचे घोडे बांधायला जायचं. चाळिसावा दिवस झाला नाही तोच माझ्या बहिणी जेवणाच्या पानावर नवी बायको सुचवायला लागल्या. एक म्हणाली, ही बरी आहे, अबोल आहे. मी पान सोडून उठलो. तेव्हापासून तुम्हा बायकांच्यात लोकर लोटतोय. लोक हसतात. हसोत. इथं निदान गुलसुनचं नाव घेतलं तर कोणी विषय बदलत नाही.

कालिचा : तुला घेतलं ते तुझे पाय दणकट आहेत म्हणून. उगाच गोड बोलू नको.

बुरुल : तुम्ही विषय बदलताय, आपा. त्यांना उत्तर द्या. जी बाई मोठ्यानं बोलायची तिला मुकी का केलीत? माझ्या नवऱ्याला घोड्यावर का चढवलंत? माणूस गेल्यावर तरी त्याला आहे तसा का राहू देत नाही तुम्ही?

कालिचा : कारण कोशोक मेलेल्यासाठी नसतो! कळलं? तो मागं उरलेल्यांसाठी असतो. त्यांना या गावात नाक वर करून जगता यावं म्हणून. तुला काय वाटतं, मला खरं दिसत नाही? सगळ्यांच्या आधी मला दिसतं. माझ्या नवऱ्याचा कोशोक मी गायले, म्हाताऱ्या अजून सांगतात. ‘माझा ससाणा, माझा पोलादी पंख.’ ससाणा! त्याचा पट्टा दाराच्या खिळ्याला असायचा, आणि खिळा रिकामा दिसला की मी पोरांना गोठ्यात पाठवायचे.

एसेन : आपा...

कालिचा : मध्ये बोलू नको. लोट. माझे दोन्ही मुलगे शेजारी बसले होते त्या दिवशी. लहान होते. त्यांना बाप चांगला हवा होता. मग मी चांगला करून दिला. असा केला की सगळा तंबू रडला. सासूनं पांढरा बांधला तेव्हा ती हुंदके देत होती. लोक म्हणाले, काय जीव होता हिचा त्याच्यावर! आणि मी? मी घरी जाऊन झोपले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपले. तिथून जो तो मला बोलवायला लागला, तुझ्या नवऱ्याचा केलास तसा आमच्या माणसाचाही कर म्हणून. केले. सगळ्यांचे केले. आता तू विचारतेस, खरं का नाही गात? खरं गायला कोणी बोलावलं होतं मला?

बुरुल : मला कोणी सांगितलं नाही कधी.

कालिचा : कोण सांगणार? मीच ससाणा करून ठेवलाय त्याला.

बुरुल : आपा, तुमच्या मुलांसाठी तुम्ही केलंत, मी त्यावर एक शब्द बोलणार नाही. पण तुमचं माप मला का लावता? माझा चांगला होता. खरंच चांगला होता हो! त्याला कशाला हवा घोडा? तुम्ही त्याला घोड्यावर बसवलंत आणि माझ्यासमोरून तोही निघून गेला. मी ज्याच्यासाठी रडणार होते तो त्या तंबूत नव्हताच. म्हणून हसले मी. अजूनपर्यंत रडलेली नाही. सालिमा म्हणते ते एवढं मात्र खरं आहे.

एसेन : मग सांग ना, कसा होता. आपण इथं तिघंच आहोत.

बुरुल : काय सांगू?

एसेन : काहीही. पाय चालू ठेव आणि सांग. ह्या तालावर सांग. लोकर काही सालिमाकडे चुगली करणार नाही.

बुरुल : ...‘दारात शिडी उभी रे, चढणारा कुठं गेला’...

कालिचा : हां. पुढं.

बुरुल : ‘दारात शिडी उभी रे, चढणारा कुठं गेला,
घोडा दिसता वाटेवर, पलीकडून जो गेला.’

एसेन : वा!

कालिचा : मध्ये वा म्हणू नको, हे काय लग्न आहे?

बुरुल : ‘छपराछपरावरून त्यानं गावाला जग दाविलं,
ताईच्या घरी अंधार, तो पुसाया वर गेला.

पहाटेच्या थंडीत माझे बूट चुलीशी ठेवणारा,
बूट माझे गार पडले, ठेवणारा... ठेवणारा...’

एसेन : बुरुल. खाली बस.

बुरुल : नाही. नको. धरू नका. तो रोज ठेवायचा हो, आपा! मी त्याच्यावर चिडलेली असले तरी ठेवायचा. भांडून झोपलो तरी सकाळी बूट गरम. आणि मी एकदाही, एकदासुद्धा... अगं आई गं! आता रोज सकाळी पाय घालते आणि आत बर्फ!

कालिचा : रड. रड, माझे लेकी. एसेन, तू लोट, दोघांच्या वाटचं लोट. आणि तिकडं बघ.

एसेन : मी तिकडंच बघतोय.

कालिचा : स्वतःचं नाक आधी पूस.

बुरुल : हे काही परवा चालायचं नाही. बूट आणि शिडी. लोक काय म्हणतील?

कालिचा : म्हणतील, कालिचा म्हातारी झाली, हिला कोशोक शिकवता येईना. म्हणू देत. माझं गाऊन झालंय, माझं कोण काय घेणार?

बुरुल : हसतील.

एसेन : हसतील. तालान्तला सवय होती. मग बुटांपाशी येतील आणि गप्प होतील.

बुरुल : आणि सालिमा? ताईच्या घरी अंधार, हे ऐकून ती उठून गेली तर? ओळ काढून टाकू का?

कालिचा : एक अक्षर काढायचं नाही. तिच्या भावाची आहे ती ओळ. वर्षभर कोणी तिला सांगितलं नाही की तो तिच्या मायेपोटी वर चढला. सगळ्यांनी तोंडं मिटली, म्हणून तिचं सुटलं. ऐकू दे एकदा.

बुरुल : आणि तरीही सासूबाईंनी पांढरा नाही बांधला तर?

कालिचा : तर मी बांधीन. माझ्या पेटीत एक आहे, कोरा. तुझ्या सासूला पोर असताना मी बूट घालायला शिकवलंय. ती माझा हात धरणार नाही. आणि धरलाच, तर झूरा आहे, बुबुयरा आहे, खोऱ्यातल्या सगळ्या विधवा आहेत. परवा आम्ही सगळ्या तुझ्या मागं बसणार. किती हात धरेल?

एसेन : आपा, शरदात गुलसुनचा आश आहे.

कालिचा : माहीत आहे मला. मी नाही गाणार.

एसेन : मग कोण?

कालिचा : तू. पुरुषानं आत यायचं नसतं ना? मग बाहेरून म्हण. ती आतून ओरडायची तेव्हाही तू बाहेरच असायचास.

एसेन : मला सूर नाही.

कालिचा : तिला कुठं होता?

बुरुल : आपा, हसवू नका. आत्ताच कुठं रडायला आलंय.

कालिचा : दोन्ही होऊ दे. चला, उठा. अजून घट्ट बसायचाय नमदा. एसेन, तुझी बाजू पुन्हा मागे राहिली. आणि बुरुल, ती बुटांची ओळ परत म्हण.

बुरुल : पूर्ण नाही येणार मला. तिथं आवाज जातो.

कालिचा : म्हणून तर. हळू म्हण. मला पाठ करून ठेवायचीय.