हळद लागलेला पुठ्ठा

जबाब, दि. १८ नोव्हेंबर २०२५
डॉ. सोनाली रावजी वाघमोडे, वय ४४ वर्षे, व्यवसाय: सहयोगी प्राध्यापक, रसायनशास्त्र, रा. भवानी पेठ, सोलापूर.

मी समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, आई म्हाळसाबाई व धाकटा भाऊ सिद्धनाथ, वय ३९, असे राहतो. सिद्धनाथ यंत्रमाग कारखान्यात चादरींच्या नक्षीसाठी पुठ्ठ्यांना भोके पाडण्याचे काम करीत असे. शेजारी धोंडप्पा यांनी त्याच्याविरुद्ध करणी केल्याची तक्रार दिली आहे. घटनाक्रम असा.

दि. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी मोटारसायकलच्या अपघातात सिद्धनाथच्या मेंदूस मार लागला. एकोणीस दिवसांनी तो घरी आला. जखम भरली. त्यानंतर त्याची झोप गेली, मोठा आवाज सहन होईना, कारणावाचून तो रडू लागला, भांडी फेकू लागला. राग चढला की त्याला शब्द सुचत नसत. आईने ते देवाचे मानले व त्याच्या कपाळी भंडारा लावला. मी तो उद्धटपणा मानला. चार महिने मी त्याच्याशी बोलले नाही. माझे शिक्षण पाहता माझी चूक आईच्या चुकीपेक्षा गंभीर आहे. हे नोंदवावे.

जुलै २०२४ पासून मनोविकारतज्ज्ञांचे उपचार सुरू आहेत. त्यांनी प्रथम झोप व डोकेदुखीची चौकशी केली, औषध अल्प मात्रेत सुरू करून सावकाश वाढवले, दर आठवड्यास समुपदेशन ठरवले. राग येऊ लागला की काय करशील, असे त्यांनी विचारले असता सिद्धनाथ म्हणाला, "धागा तुटला की आदी माग थांबिवतो की आमी. गाठ मागनं." तेव्हापासून तो नक्षीचा एक जुना पुठ्ठा खिशात बाळगतो. पुठ्ठा समोर ठेवला म्हणजे 'थांबा'. मग तो निघून जातो. आम्ही त्याच्या मागे जात नाही. आई त्या पुठ्ठ्यास दर रविवारी भंडारा लावते. मी हरकत घेणे सोडले आहे.

रविवार दि. १६ रोजी धोंडप्पांच्या नातवाच्या जावळानिमित्त ध्वनिक्षेपक आमच्या खिडकीकडे तोंड करून लावला होता. सायंकाळी ५.४० वाजता सिद्धनाथ त्यांच्या ओट्यावर पुठ्ठा ठेवून, काहीही न बोलता, घरी परतला. मी व आई दारात होतो.

धोंडप्पा ओरडले, "हळद लावून काय टाकलंस रं दारात? करणी करतूस व्हय?"

आई म्हणाली, "भंडारा लेकाच्या पुठ्ठ्याला हाय, धोंडप्पा. तुज्या दाराला न्हाय."

पुठ्ठ्याचा अर्थ आम्ही शेजाऱ्यांना आधी सांगायला हवा होता. तो सांगितला नव्हता.

गतवर्षी मे महिन्यात याच ओट्यावर सिद्धनाथने दगड भिरकावला होता. ती नोंद आपल्याकडे आहे. रविवारी कोणासही इजा झाली नाही.

सोमवार दि. २४ रोजी तो पुन्हा कामावर रुजू होणार आहे. गुन्हा दाखल झाल्यास घेणार नाही, असे मालकांनी कळवले आहे. पुठ्ठा आपल्या ताब्यात आहे. काल मी त्यास दुसरा देऊ केला. तो म्हणाला, "ह्यो नको, अक्का. त्योच पायजे. त्यानं काम केलंय."

हवालदारांनी हा मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. दोन तारखा दुरुस्त करून घेतल्यावर तो मी सांगितला तसाच आहे. तक्रारीचा निर्णय काय झाला व पुठ्ठा कोणत्या दिवशी परत मिळेल, हे मला शनिवार दि. २२ पर्यंत लेखी कळवावे. तोंडी उत्तर स्वीकारले जाणार नाही.