तेल लावलेलं डोकं

दोन हजार सात साली औंढ्याच्या शाळेत व्यसनमुक्तीचं शिबिर भरलं. डॉक्टर पेशंटच्या डोक्यावर तारांची टोपी चढवून, सोबत आणलेल्या लहानशा मशीनवर मेंदूचं चित्र बघत होते. रांगेत, नवऱ्याला घेऊन आलेल्या सरिताच्या पुढं मंजुळाबाई बसली होती. तिचा नवरा संतराम आत जाऊन तसाच परत आला.

“तारा चिटकत न्हाईत म्हणे. किती तेल थापलंस गं?”

“तुमीच म्हणले, डोक्याचा फोटो काढायचा हाय. फोटोला भुरकट डोक्यानं बसता का?”

“आतल्या डोक्याचा काढतेत.”

“आत काय बघतेत?”

“बाटलीचं चित्र दाखवतेत. मन किती ओढ घेतं ते मशीनवर दिसतं. त्याच्यावरून इलाज ठरवतेत.”

“वीस वर्षं मी बिनमशीनचं बघून राहिले, मला कोणी इचारलं न्हाई. दुपारी ते लोक चालले परत. जा, हापशावर डोकं धुऊन या.”

“जातो ना. कटकट करू नको.”

संतराम निघाला. सरितानं पाय आवरून वाट दिली.

“अवो,” मंजुळाबाईनं मागून हाक मारली.

“आता काय?”

“साबण माझ्यापाशीच हाय, अन् हापसा शाळेच्या मागं हाय. तुमी गुत्त्याकडं काहून चालले?”