पॉम्पेई तेवढं ठेवलं

इटलीचं विचारताय ना, मग आधी आमचं प्लॅनिंग कसं झालं ते ऐका. दोह्यात वर्ल्ड कपची तयारी जोरात होती. माझा नवरा शिरीष तिथे स्टेडियमच्या कामावर प्लॅनिंग इंजिनिअर, त्यामुळे सुट्टी मिळाली जेमतेम पाच दिवस. दोह्याच्या अझीझिया भागातल्या आमच्या घरी लॅपटॉप उघडून तो मला सांगत होता, "मुक्काम नेपल्सला. सकाळी पॉम्पेई, दुपारी बोटीने काप्री, संध्याकाळी अमाल्फी."

मी म्हटलं, "अरे, एका दिवसात? ही काय तुझी नाशिकची सुट्टी आहे?"

आपल्या गावाकडच्या सुट्ट्या तुम्हाला माहीतच आहेत. दिवसाला चार घरं, जरा टेकायचं, चहा घ्यायचा की उठायचं. मी आपली सहज बोलले, पण त्याने टाइप करणं थांबवलं. मग म्हणाला, "शेवटच्या वेळी निघताना बाबा दारापर्यंत आले होते. म्हणाले, बस की अजून जरा. मी म्हटलं, पुढच्या सुट्टीत बसतो."

त्या सुट्टीपर्यंत बाबा राहिले नाहीत. तेव्हापासून आई नाशिकला एकट्याच असतात.

त्याने काप्री काढलं, अमाल्फी काढलं. पॉम्पेई तेवढं ठेवलं. मला वाटलं, झालं प्लॅनिंग. तर स्क्रीनवरून नजर न काढता त्याने विचारलं, "तिथले रस्ते दगडी आहेत म्हणतात. आईच्या गुडघ्यांना तेवढं चालणं झेपेल का गं?"