सोनू तांडेलच्या वहीतला तिसरा रकाना

मंडळी, या टेबलावर घडीचं स्टूल आहे, वाळूचं घड्याळ आहे आणि कापडी बांधणीची ही वही. तिन्ही वस्तू मी माझ्या हातांनी केल्या, कोणाकडे न शिकता. केल्या सोनू तांडेलसाठी. आज तो नाही, आणि या वस्तूंपुढे उभं राहून बोलणं जड जातंय. पण तुम्ही धक्क्यावरची कामं टाकून आलात. बोलणार.

सोनू मुंबईच्या गोदीत कामाला होता. दर रविवारी प्राणिबागेत अस्वलाच्या पिंजऱ्यासमोर बसायचा. वहीत एक रकाना 'दिसलं', दुसरा 'वाटलं'. ही सवय लहानपणची, बापाच्या होडीवरची. पोर 'वारा फिरलासा वाटतो' म्हणालं की बाप खेकसायचा, "वाटतं कसलं? शीड काय करतंय ते सांग!"

तिसरा रकाना माझ्या फजितीतून आला. एकदा मी सोबत गेलो. अस्वल उभं राहिलं, पंजा कपाळाला लावला. मी म्हटलं, "सोनू, मला सलाम केला रे!"

"मेल्या, तुला नाय. तुझ्या खिशातल्या काजूंना. दे इकडे ते."

दिले. अस्वलाने पुन्हा सलाम केला. सोनूला!

त्याच आठवड्यात मी रकाना आखला: बघणाऱ्याजवळ काय होतं.

बागेचा साहेब म्हणायचा, असा सलाम होतच नाही, बघे काहीही बघतात. खरंय! बघे काहीही बघतात. मीही पाहिलं. पण बघ्याने स्वतःलाही नोंदीत धरलं, तर? साहेबाने स्वतःला कधी धरलं? सोनूने साहेबालाही धरलंय. सतरा वेळा लिहिलंय: साहेबाचे बूट वाजले, अस्वल मागे सरलं. मग त्याला सलाम दिसणार कसा? आणि खोटा कोण ठरला? सोनू!

गेल्या सोमवारी त्याच साहेबाचा माणूस माझ्या दुकानात आला. वही छापायची म्हणे, पण सोनूचं नाव काढून, बागेच्या नोकरांची निरीक्षणं म्हणून. त्याला बसवून मी सोनूच्या घरी वहिनींकडे गेलो. वही आता त्यांची.

वहिनी म्हणाल्या, "भावजी, उन्हात हे बसले. नोकर कुठे होते?"

आता उभे राहू या. हे घड्याळ उलटं करतो. वाळू संपेपर्यंत कोणी बोलू नका. त्याआधी दिसलं तेवढंच सांगतो, वाटलं ते सांगत नाही. त्या माणसाने माझ्या टेबलावर दोनशे रुपये ठेवले होते. मी परत आलो, आणि ते दोनशे रुपये त्याच्याकडे सरकवले.