आप्पांनी तीन हेडफोन नापसंत केले

घरच्या गलक्यात रेडिओवरचं गाणं नीट ऐकू येत नाही, म्हणून आमचे आप्पा हेडफोन घ्यायला गेले. मी सोबत होतो. दुकानदारानं रेडिओ लावून हेडफोन त्यांच्या कानांवर चढवला.

मी समोरून विचारलं, "बरा हाय का?"

"कसला बरा? तुझं सगळं ऐकू येतंय की."

दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचंही तेच. दुकानदारानं तिसरा स्वतःच्या कानांना लावला आणि झटकन काढला. रेडिओचा आवाज पूर्ण वाढवलेला होता.

तेव्हा मला आप्पांची कापड मिलमधली नोकरी आठवली. तीस वर्षं मागांच्या खडखडाटात आप्पा समोरच्याचे ओठ बघूनच बोलणं ओळखायचे.

हेडफोन पुन्हा त्यांच्या कानांवर चढवला. मी आवाज न काढता नुसते ओठ हलवले, "आप्पा, चहा घ्यायचा?"

"घेऊ की," आप्पा म्हणाले. त्यांनी हेडफोन काढून दुकानदाराच्या हातात दिला.

"पन आदी चांगला हेडफोन बघू."