आमरसाच्या डब्यावरचा फोटो

हॅलो?… हॅलो, कोण, आक्का?… अगो, मी सखाराम. बंदरावरच्या एजंटसाहेबांच्या हापिसात आहे. मुंबईचा ट्रंककॉल आलाय म्हणून त्यांनीच बोलावणं धाडलं… ऐकू येतंय, ओरडू नको.

काय?… कंपनी कबूल झाली? सगळ्या अटींना?… परत सांग… सगळ्या. देवा महाराजा… नाही गो, उभा आहे, पडलो नाही.

हो, हो… भावोजी काय विचारतायत? वकील कोण केला?… वकील कुठला, आक्का. दादा. अगो आपला दादा, महिपतदादा…

ऐक ना. भावोजींच्या छापखान्याचं पत्र आलं, कंपनीला मी काढलेला सड्यावरच्या हापूस कलमाचा फोटो आमरसाच्या डब्यावर हवा. पण कलम दोघा भावांचं, तेव्हा दोघांच्या सह्या पाहिजेत… तेच तर. ज्या कलमावरून नऊ वर्षं कोर्टात भांडतोय, त्याच्याच फोटोला सही मागायला कुठल्या तोंडाने जायचं? दोन दिवस पाय उचलेना. पण माझ्या फोटो स्टुडिओला टाळं लागायची वेळ आली होती. गेलो…

नाही, रागावला नाही. हौसावहिनीने पाणी दिलं. दादाने पत्र दोनदा वाचलं नि म्हणाला, पन्नास रुपयांत काच देऊन टाकतोस?… मूळ काच गो, जिच्यावरून हव्या तेवढ्या प्रती निघतात. मी म्हटलं, एकरकमी देतायत… तर म्हणतो, "येड्या, आंबे विकतोस की झाड विकतोस?"

हसतेस काय… नऊ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवून निम्मा वकील झालाय तो. मला लिहायला बसवलं नि एकेक अट सांगत गेला. काच माझ्याकडेच राहणार. छापायचं ते फक्त डब्यावर, कॅलेंडरवर छापलं तर पैसे वेगळे. परवानगी एका हंगामाची, पुढच्या हंगामाला भाव नवा… आणि फोटोखाली माझं नाव. हो, तेही त्यानेच घालायला लावलं. मला धीर झाला नसता…

वाटा ना, विचारलं की. निम्मे तुझे, म्हटलं. तर म्हणाला, "कलमाचं काय ते कोर्ट बघेल. फोटो तुझ्या मेहनतीचा, त्यात मला पै नको." मग सही केली… रडलो गो, त्याच्या पडवीतच. तुझेही उपकार आहेत आक्का, तू भावोजींकडे शब्द टाकलास म्हणून…

काय? खटला?… छे, मागे कुठला घेतोय. मंगळवारी तारीख आहे… हो, त्याचा वकील त्याच्याकडून, माझा माझ्याकडून… तीन मिनिटं झाली? थांबा हो साहेब, एवढं सांगू द्या… आक्का, दादाचा निरोप आलाय. म्हणतो, कोर्टात जायला दोन गाड्या कशाला जुंपायच्या, माझ्या गाडीतून चल. वहिनी दोघांच्या भाकऱ्या एकाच फडक्यात बांधणार आहे… हॅलो? आक्का, ऐकलंस ना?… हॅलो?…