बाल्दोमेरो असेल तर बद्द वाजेल

नाही वहिनी, नाही म्हणजे नाही — आणि ती पिशवी आधी बाकड्यावरनं उचला, तिथं मी सरस लावतो. गिटारच्या घोडीवर तारा टेकायला हाडाची पट्टी लागते, कबूल. पण बैलाच्या हाडाची! खाटकाकडून आणायचं, उकळायचं, रस्सा प्यायचा, उरलं ते घासायचं. अख्ख्या ग्रानादात नवऱ्याच्या हाडाची पट्टी कुणी बसवलीय का? — हो हो, ऐकलं सगळं. कबरस्तानाच्या भिंतीतल्या भाड्याच्या कप्प्याची मुदत संपली, कबरस्तानवाल्यानं हाडं पिशवीत घालून हातात दिली, संध्याकाळपर्यंत परत नेली की सगळ्यांच्या सामायिक खड्ड्यात टाकणार. म्हणून मी काय बाल्दोमेरोला कानशीनं घासू?

त्यानं मला जन्मभर काय कमी घासलंय? 'फुल्हेन्सिओ, फ्लामेंकोला तारा खाली हव्यात, घोडी उतरव.' उतरवली. 'आता तार खरखरते, चढव.' चढवली. 'आता बोटं दुखतात.' अहो, घोडीचा काय दोष? कानच नव्हता त्याला! एक तार धड जुळवता आली नाही कधी — आणि शेवटी शेवटी तर गिटार घरीच ठेवून यायचा. नुसता बसायचा, माझी ऑलिव्हं खायचा. — त्या खुर्चीत नका बसू, इकडं बसा. कुणालाच बसू देत नाही मी तिथं. मोडकी आहे. — हलत नाही, पण मोडकी आहे. दुसरं काही नाही.

काय म्हणालात? तोच आहे का, नक्की नाही? म्हणजे? — शेजारचा कप्पा पण आजच रिकामा केला? आणि त्या गड्यानं दोन्ही पिशव्या खाली ठेवल्या — आणि मग डोकं खाजवलं? डोकं खाजवलं म्हणजे संपलंच. असं होय! म्हणून घोडीवर बसवायचंय — वाजवून बघायला, तो आहे का ते! अहो, मग आधी सांगायचं ना. रडू नका. रडू नका वहिनी, सरस पातळ होतो.

आणा इकडं. बरगडी नको, ती भुसभुशीत, नडगी द्या. हे बघा, असं संगमरवरावर टाकायचं, बैलाचं पण आम्ही असंच पारखतो. चांगलं हाड टणकन बोलतं, रद्दी असेल तर बद्द. बाल्दोमेरो असेल तर बद्द वाजेल, लिहून देतो. झोपेत ओळखीन मी त्याला. ऐका हं —

…

थांबा. परत एकदा.

…

अरे देवा. घंटा आहे ही. उभ्या जन्मात असं हाड हाताला लागलं नाही माझ्या.

असं बघू नका वहिनी. — हो. हो, तोच. तोच आहे, शंकाच नको. — आवाज? आवाजाचं काय घेऊन बसलात, मेल्यावर सुधारतात काही माणसं. करतो मी पट्टी. घरी जा, जेवा काहीतरी, सकाळपासून पोटात काही नसेल तुमच्या.

आणि — ती दुसरी पिशवी? कुणी न्यायला आलं होतं तिला? — नाही? तिथंच फाटकापाशी पडलीय? आणि आज संध्याकाळीच खड्ड्यात टाकणार?

सहज विचारलं. उठा आता. माझी टोपी कुठाय — कुठं नाही हो, जरा पाय मोकळे करून येतो. निघा वहिनी, निघा, मला दार लावायचंय.